सत्याग्रही बंदुकीकडे का वळले?

हैदराबाद संस्थानातील जनतेचा लढा १९३८ साली निःशस्त्र सत्याग्रहाने सुरू झाला आणि दहा वर्षांनी सशस्त्र प्रतिकारापर्यंत येऊन पोचला. आजचा जालना जिल्हा या लढ्याच्या ऐन सरहद्दीवर होता. जिल्हा म्हणून तो तेव्हा अस्तित्वात नव्हता. जालना, अंबड, भोकरदन हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात मोडत आणि परतूर परभणीत. उत्तरेला बुलढाणा, म्हणजे ब्रिटिश अमलाखालचा वऱ्हाड. मनमाडकडे जाणारी रेल्वे थोड्या तासांत ब्रिटिश हद्दीत पोचवी. उलट दिशेला राजधानी होती, रेल्वेने चारशे किलोमीटरहून अधिक दूर. तिथे आसफजाही घराण्याचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते. कारभाराची भाषा उर्दू, नाणे हाली सिक्क्याचे, सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. साधारण ४० टक्के जमीन जहागिरी, इनामे आणि निजामाच्या खासगी सरफे खासमध्ये अडकलेली. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे.

हा लढा शस्त्रापर्यंत का गेला आणि गेला ते योग्य झाले का, यावर मराठवाड्यात आजही दोन मते ऐकू येतात. ती येथे जालन्याच्या दोन माणसांच्या तोंडी घातली आहेत. एक निवृत्त इतिहास-शिक्षक, ज्यांना गाव गुरुजी म्हणते. दुसरे त्यांच्याहून तरुण, न्यायालयात वकिली करणारे, वकीलसाहेब. माणसे कल्पित आहेत, त्यांच्या बोलण्यातले प्रसंग घडलेले आहेत.

गुरुजींचा भर आरंभावर असतो. “वकीलसाहेब, लढ्याची गोष्ट सांगताना लोक थेट १९४८ वर उडी मारतात. सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, परतूरला झाली. १९३७ साली गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन तिथे भरले. कोणाच्या हातात काठीसुद्धा नव्हती. मागण्या करणारी, ठराव करणारी माणसे होती ती. खेड्यापाड्यातल्या माणसाला ‘सरकारकडे आपण काही मागू शकतो’ हे पहिल्यांदा तिथे कळले. पुढचे सगळे त्यावर उभे आहे.”

“मागितल्यावर मिळाले काय, गुरुजी?” वकीलसाहेबांचा प्रश्न सरळ असतो. “परतूरनंतर एका वर्षात हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचे ठरले. तिचे ध्येय निजामाला हटवण्याचे नव्हते. त्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती, एवढेच. संघटना धड उभी राहण्याआधीच, ७ सप्टेंबर १९३८ ला, अकबर हैदरींच्या सरकारने तिच्यावर बंदी घातली. जातीय संघटना आहे, हे कारण. ज्यांनी राजाचे छत्र मान्य केले त्यांनाच राजाने दाराबाहेर उभे केले.”

बंदी मोडण्यासाठी २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व नानलांनी केले. काही दिवसांतच स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत शिक्षक राहिलेले हे संन्यासी पुढे संपूर्ण लढ्याचे नेते झाले. त्याच हिवाळ्यात औरंगाबादच्या महाविद्यालयातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्याचा हक्क मागितला. त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतले अनेक नागपूरला जाऊन शिकले, पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच. आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून काढलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर संस्थानात बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा निघे. शस्त्राचा विचारही कोणी बोलून दाखवत नव्हते तेव्हाचा हा प्रतिकार, आणि त्यासाठी लागणारी चिकाटी बंदुकीच्या कथांपुढे झाकली जाते हे गुरुजींचे म्हणणे खरे आहे.

दोघांचा पहिला खरा वाद २४ डिसेंबर १९३८ या तारखेवर होतो. त्या दिवशी गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचे सत्याग्रह त्याच वेळी चालू होते. तीन चळवळी एकत्र दिसू लागल्या, तर राजकीय हक्कांची मागणी धार्मिक तंट्यात हरवेल, अशी भीती होती.

वकीलसाहेब याला मोठी चूक मानतात. “शेकडो माणसे तुरुंगात, आणि बाहेर लढा बंद. आर्य समाजाने १९३९ च्या ऑगस्टपर्यंत रेटले. त्यांना सरकारशी बोलून काही सवलती तरी मिळाल्या. स्टेट काँग्रेसला? बंदी जशीच्या तशी. ती उठली १९४६ च्या जुलैत. आठ वर्षे गेली, गुरुजी. आठ वर्षे संघटनेचे नाव घेणेसुद्धा गुन्हा.”

“ती आठ वर्षे वाया गेली असे तुम्ही समजता?” गुरुजी विचारतात. “स्वामीजी १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहात आत, १९४२ मध्ये पुन्हा आत. पण बाहेर महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने होत राहिली, शाळा चालल्या, वाचनालये चालली, गोविंदभाई श्रॉफ, बाबासाहेब परांजपे यांच्यासारखी तरुण फळी घडली. आणि थांबवण्याचे कारण पाहा. निजामाचे सरकार याला हिंदू-मुसलमानांचे भांडण म्हणत होते. ते भांडण नव्हते हे सिद्ध करायला थोडे थांबणे भाग होते. दहा वर्षांनी ते भांडण पेटले तेव्हा किती माणसे गेली ते आपल्याला ठाऊक आहेच.”

राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान बारा-तेरा टक्के होते, पण सरकारी नोकऱ्यांत आणि फौजेत त्यांचा वाटा त्याहून फार मोठा होता. १९२७ मध्ये स्थापन झालेली मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन ही सांस्कृतिक-धार्मिक संघटना हळूहळू राजसत्तेचा आधार बनली. बहादूर यार जंग यांच्या १९४४ मधील मृत्यूनंतर तिचे नेतृत्व लातूरचे वकील कासीम रझवी यांच्याकडे आले आणि तिची स्वयंसेवक शाखा, रझाकार, हत्यारबंद होत गेली. सर्वसामान्य मुसलमान शेतकरी किंवा विणकर यांची या सत्तेत काही भागी नव्हती. हा फरक लढ्याच्या नेत्यांना कळत होता, सगळ्या अनुयायांना कळत होता असे म्हणता येणार नाही.

ब्रिटिश जाणार हे ठरल्यावर सारे प्रश्न एकदम पुढे आले. १९४७ च्या जूनमध्ये निजामाने फर्मान काढले की हैदराबाद भारत आणि पाकिस्तान यांपैकी कोणत्याही घटना समितीत सामील होणार नाही आणि ब्रिटिश गेल्यावर स्वतंत्र राहील. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट हा ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा फडकत असताना हैदराबादेत स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. जालन्याहून दोन-तीन स्टेशने ओलांडली की येणाऱ्या गावात आणि त्याच रुळांवरून गाठता येणाऱ्या मनमाडात आता दोन वेगळी राज्ये होती, एकात राष्ट्रध्वज लावणे सण होता आणि दुसऱ्यात गुन्हा.

या टप्प्यावर गुरुजी आणि वकीलसाहेब यांच्या मतांतले अंतर कमी होते, कारण ऑगस्टनंतरचे काही महिने लढ्याचे रूप अधले-मधले होते. शिंदीची झाडे तोडणे, कारण शिंदीवरचा अबकारी कर सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. लेव्हीचे धान्य न देणे. करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त करणे. पाटील-कुलकर्ण्यांनी राजीनामे देणे, वकिलांनी कोर्टावर बहिष्कार टाकणे. माणसाच्या जिवाला हात न लावता राज्याची कमाई आणि कागद बंद पाडायचे, असा तो बेत होता.

“हेच मी म्हणतो,” गुरुजी सांगतात. “सरकार चालते ते महसुलावर आणि दफ्तरावर. शेतकऱ्याने लेव्ही नाकारली की सरकारचे हातपाय आखडतात.”

“पण लेव्ही नाकारलेल्या शेतकऱ्याच्या दारात दुसऱ्या दिवशी रझाकार आले तर?” वकीलसाहेब थांबत नाहीत. “सत्याग्रह करायला समोर कायदा मानणारे सरकार लागते. अटक करील, खटला भरील, शिक्षा देईल, मुदत संपली की सोडील. १९३८ च्या निजाम सरकारशी तसा सत्याग्रह झाला. १९४७ च्या शेवटी मारणारा सरकारी शिपाईच नव्हता. मग फिर्याद कोणाकडे करायची? एका विशिष्ट वर्षात सत्याग्रहाचा आधारच गेला, एवढेच माझे म्हणणे आहे. शस्त्र चांगले असते असे मी कुठे म्हणतो?”

या युक्तिवादाला जोर आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीला वाटाघाटींसाठी निघालेल्या हैदराबादच्या शिष्टमंडळालाच जमावाने अडवले आणि पंतप्रधान छतारीच्या नवाबांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी मीर लायक अली आले. म्हणजे निजामाचा स्वतःचा पंतप्रधानही रझाकारांपुढे सुरक्षित नव्हता. २९ नोव्हेंबरला भारत सरकारशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. स्वामीजी सुटले, पण जानेवारीत पुन्हा गजाआड गेले आणि मुक्तीपर्यंत तिथेच राहिले. करार कागदावर चालू असताना गावे लुटली जात होती आणि हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, नाशिककडे, सोलापूरकडे जात होती. पाकिस्तानातून विमानाने हैदराबादला चोरटी शस्त्रे आणणारा सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिकही या कराराच्याच काळातला.

स्टेट काँग्रेसने दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती नेमली. मनमाड, बार्शी, वाशीम, उमरखेड, चांदा अशा ठिकाणी सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. त्यांचे पहिले काम निर्वासितांना आसरा देण्याचे आणि प्रचाराचे होते. तिथूनच पुढे तुकड्या निघाल्या. नाके, पोलीस चौक्या आणि रझाकारांची ठाणी यांवर छापे पडू लागले. हत्यारे थोडी आणि जुनी, प्रशिक्षण घाईचे. बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके या लढ्यात शस्त्र घेऊन उतरल्या. लोकांनी त्यांना मराठवाड्याची झाशीची राणी म्हटले. जालन्याच्या मामा चौकाला ज्यांचे नाव आहे ते जनार्दन मामा नागापूरकर याच लढ्याचे हुतात्मे.

गुरुजींना या माणसांविषयी अतोनात आदर आहे. तरी ते एक प्रश्न सोडत नाहीत. “छापा घालून तुकडी रात्रीतून परत वऱ्हाडात जायची. गाव कुठे जाणार, वकीलसाहेब? दुसऱ्या दिवशीचा सूड गावाने सोसला. शस्त्र उचलणारा एक आणि किंमत देणारा दुसरा, हा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.”

“मांडला पाहिजे, मान्य,” वकीलसाहेब म्हणतात. “पण छापे नव्हते तेव्हाही गावे जळतच होती. आणि कॅम्पमुळेच सरहद्दीचा पट्टा निजामाच्या हातून सुटत गेला. लोकांना निदान पळून जायला वाट राहिली.”

वादाचा सर्वांत टोकदार प्रसंग नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचा. ३० जानेवारी १९४८ रोजी लढ्यातल्या तुकडीने तिथली हैदराबाद स्टेट बँक लुटली. वीस लाखांहून अधिक रुपये हाती लागले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. योगायोग इतका विदारक आहे की या घटनेवर शांतपणे बोलणे आजही कठीण जाते. गुरुजींच्या दृष्टीने ज्या संघटनेचे नेतृत्व सत्याग्रही संन्याशाकडे होते, तिने बँक लुटावी हा सीमा ओलांडल्याचा क्षण आहे. वकीलसाहेब त्याच घटनेतली दुसरी बाजू दाखवतात. लुटीचा पैसा मोजला गेला, तो लढ्यासाठी वापरला आणि त्याचा हिशेब ठेवला गेला. कोणाचे घर त्यातून उभे राहिले नाही. बंड आणि दरोडा यांच्यातला फरक सांगताना ते या हिशेबाच्या वहीकडे बोट दाखवतात. परतूरपासून दहा वर्षे ठराव, सभासद-यादी आणि जमाखर्च लिहिण्याची सवय लागलेल्या माणसांनी हातात बंदूक घेतली, म्हणून ती बंदूक बहुतेक वेळा संघटनेच्या हुकमात राहिली. येथे नकळत वकीलसाहेब गुरुजींचाच मुद्दा बळकट करतात, आणि या लेखाचेही मत तेच आहे: शस्त्राच्या वर्षाला शिस्त आली ती निःशस्त्र दशकातून.

दूरच्या राजाशी प्रजेचे नाते असे पायरीपायरीने तुटल्याचे जगातले सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेचे आहे. ब्रिटनच्या तेरा वसाहतींनी १७६५ च्या स्टँप कायद्याविरुद्ध अर्ज केले, मालावर बहिष्कार घातला. कायदा पुढच्या वर्षी मागे घेतला गेला, पण नवे कर आले. डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. माणसाला हात न लावता महसुलावर घाव घालण्याची ती रीत करोडगिरीच्या नाक्यांवरच्या हल्ल्यांशी जुळते. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकॉर्ड येथे गोळ्या झाडल्या गेल्या. तरीही त्याच जुलैत वसाहतींच्या काँग्रेसने तिसऱ्या जॉर्जकडे सलोख्याचा विनंतीअर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारला नाही, उलट ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर ठरवल्या. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानंतर जवळजवळ वर्षाने, ४ जुलै १७७६ ला आला.

वकीलसाहेबांना या क्रमात स्टेट काँग्रेसचे चित्र दिसते. आधी राजाच्या छत्राखाली हक्क, मग राजाने तोंड फिरवले, मग राजाच नको. गुरुजी तुलना अर्धीच मानतात. “तिकडे प्रत्येक वसाहतीत निवडून आलेल्या सभा होत्या. कर कोण लावणार, यावरून भांडण झाले. आपल्याकडे गावसभेलासुद्धा परवाना लागायचा. आणि ते वसाहतकार होते, बाहेरून येऊन वसलेले. इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत. शिवाय त्यांच्यामागे समुद्र होता, आपल्यामागे दिल्लीतले सरकार.” हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शेजारचा स्वतंत्र भारत हा आधार नसता, तर सरहद्दीवरचे कॅम्प काही आठवडेही टिकले नसते.

२१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत असत. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य फौज मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून निघाली. औरंगाबादच्या बाजूने मेजर जनरल डी. एस. ब्रार यांची फौज आली. औरंगाबादच्या पाठोपाठ १५ सप्टेंबरपर्यंत जालनाही हाती आले. जालन्यापाशी हैदराबादच्या सैन्याने कडवा प्रतिकार केला होता. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत सारे आटोपले.

“पाच दिवस,” गुरुजी म्हणतात. “जे काम सैन्याने पाच दिवसांत केले, त्यासाठी आपल्या पोरांनी वर्षभर गोळ्या खाल्ल्या. सैन्य येणारच होते, तर त्या बंदुका कशासाठी?”

“सैन्य येणारच होते हे १९४७ च्या डिसेंबरात कोणाला ठाऊक होते? करार झाला होता. दिल्लीला वाटाघाटी करायच्या होत्या. संस्थानातली जनता हे राज्य मानत नाही, हे दाखवणारे कोणी नसते तर ही दोन सरकारांमधली हद्दीची कुरबूर ठरली असती.”

यानंतरचा भाग दोघेही हळू आवाजात बोलतात. सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत, विशेषतः उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत, मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला होता. अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. मारल्या गेलेल्यांत रझाकारांशी कसलाही संबंध नसलेली माणसे मोठ्या संख्येने होती. मुक्तिलढ्याचा कोणताही वृत्तांत हा भाग वगळून पुरा होत नाही.

“शस्त्र एकदा रस्त्यावर आले की ते कोणाच्या हाती जाईल हे उचलणाऱ्याच्या हातात राहत नाही,” गुरुजी म्हणतात. “संघटनेची वही उमरीच्या पैशाची होती. या माणसांची वही कुणी ठेवली नाही.”

वकीलसाहेब उत्तर देतात, पण नेहमीच्या तडफेने नाही. “हल्ले करणारे सगळे कॅम्पातले नव्हते, गुरुजी. बरेचसे सूडाने पेटलेले गावातलेच लोक होते. पण थांबवायला आपली माणसे पुरेशी पुढे आली नाहीत, हे मी नाकारणार नाही.”

मराठवाड्यातल्या तुकड्या मुक्तीनंतर विसर्जित झाल्या आणि त्यांतली माणसे शाळा, वृत्तपत्रे, राजकारण यांत परतली. लढ्यात भाग घेतलेले अनंत भालेराव पुढे दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक झाले. तेलंगणात मात्र कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा, जो निजामाविरुद्ध सुरू झाला होता, तो भारत सरकारविरुद्ध १९५१ पर्यंत चालला. एकाच संस्थानात एका भागातल्या बंदुका खाली ठेवल्या गेल्या आणि दुसऱ्या भागातल्या ठेवल्या गेल्या नाहीत. गुरुजी याचे श्रेय मराठवाड्यातल्या सत्याग्रही संस्कारांना देतात. वकीलसाहेब तेलंगणातला जमिनीचा प्रश्न दाखवतात, जो राजा गेल्याने सुटणारा नव्हता.

१९५२ च्या आरंभी हैदराबाद राज्यात प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली आणि बूर्गुल रामकृष्ण राव यांचे मंत्रिमंडळ आले. कृती समितीचे अध्यक्ष राहिलेले दिगंबरराव बिंदू त्यात गृहमंत्री झाले. त्याच सप्टेंबरात हैदराबाद शहरात नोकऱ्यांत स्थानिकांना, म्हणजे मुलकींना, हक्क मिळावा म्हणून विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले. पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली.

गुरुजींना हा प्रसंग फार टोचतो. सरकारविरुद्ध तुकड्या पाठवणाऱ्या समितीचा अध्यक्ष चार वर्षांत अशा खात्याचा मंत्री झाला, ज्याच्या पोलिसांनी निःशस्त्र विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. हे अधःपतन आहे असे ते म्हणत नाहीत; पण शस्त्राने आलेल्या सत्तेला गोळी सोपी वाटू लागते, ही त्यांची भीती आहे. वकीलसाहेब वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधतात. त्या गोळीबाराची उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डी यांनी चौकशी केली, विधानसभेत मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागली आणि पुढच्या निवडणुकीत मतदार मत देऊ शकत होते. १९४७ च्या जालन्यात, परतुरात किंवा अंबडमध्ये रझाकारांनी घर जाळले तर यांपैकी एकही दार ठोठावता येत नव्हते.